तीनच्या खेळाचं मध्यंतर

ज्योत्स्नाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, चष्मा काढून हातात घेतला आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या पुस्तकाला कपाळ टेकवलं. पुस्तक ठवणीवर उघडं होतं. ठवणी म्हणजे पोथी ठेवायची लाकडी घडी. ही सासूबाईंची, आणि तिच्यावर आजवर धर्मग्रंथाशिवाय काही बसलेलं नाही. आमच्या जैन संघाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचं कपाळ ज्या पानाला लागलं, त्या पानावर एक शिकलेली बाई नवऱ्याच्या मित्राला सांगत होती की मला तुमच्याबरोबर यायचं नाही आणि घरीही परत जायचं नाही. कपाळावरचं केशर त्या ओळीवर उमटलं. ज्योत्स्नाबाई सरळ झाल्या, चष्मा लावला, आणि डोळे पुसत म्हणाल्या की किशनलालजींच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, माघारी तुम्ही वर्षभर जो स्वाध्याय केलात, त्याची अनुमोदना करायची, बहुमान करायचा म्हणून संघानं ठरवलंय. रविवारी, स्थानकात, म्हणजे आमचे साधू-साध्वी उतरतात त्या जागी. मी केशराकडे बघत होते. पुस्तक माझं नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं, दीपमालाचं होतं, आणि ती डाग बघितल्यावर काय म्हणेल त्याचा मी अंदाज बांधत होते. तेवढ्यात ज्योत्स्नाबाई पुढचं बोलल्या. बहुमान झाला की महासतीजी, आमच्या साध्वी, मला पचक्खाण देणार, म्हणजे सोडण्याची शपथ. टीव्ही, सिनेमा, मोबाइलवरचे खेळ, सगळ्याचा जावजीव, मरेपर्यंत त्याग. तुम्ही तसंही काही बघत न्हाई, तुम्हाला काय जड आहे, पण तुमचं बघून सुना घेतील. श्रेणिकनं होकार दिलेला आहे.

श्रेणिक माझा मुलगा. त्यानं होकार दिला, म्हणजे माझ्या वतीनं माल विकला गेला होता, फक्त पोचवायचा राहिला होता.

मी कुणाला फसवलं नाही, हे आधी स्पष्ट करते. वडीगोद्रीला हमरस्त्यावर आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि न बघता माल उचलून नेणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार वडील ऐकून घेत नसत. नवरा गेल्यावर आमच्यात जुन्या रिवाजानं बाईनं वर्षभर एक कोपरा धरायचा: लग्नाकार्याला जायचं नाही, सणाला नटायचं नाही, लोक भेटायला येतील त्यांना भेटायचं. मी कोपरा धरला. मागच्या खोलीतला, खिडकीजवळचा. रुचिनं, नातीनं, आपली जुनी टॅब्लेट मला दिली, वर पांढरे हेडफोन दिले, कारण श्रेणिकला आवाजाचा त्रास होतो. माझे गुडघे वाकत नाहीत, पुस्तक हातात धरलं की मनगट दुखतं, आणि आमच्या घरात पुस्तक जमिनीवर ठेवत नाहीत, अंथरुणावर ठेवत नाहीत. मग ठेवायचं कुठं? ठवणीवर. दारातून जाणाऱ्याला काय दिसायचं, तर पांढरी साडी, पुढ्यात ठवणी, कानाला प्रवचन. लोक उंबऱ्यावरूनच हात जोडून परत जायचे. महिन्याभरात मी जालन्यातल्या आमच्या समाजात इतकी मोठी झाले की माझ्याकडे कुणी काही विचारायलाच येईना. इतकी निवांत मी लग्नाआधीही नव्हते.

आता त्या निवांतपणाचा जमाखर्च. जुने सिनेमे, काळे-पांढरे आणि नंतरचे थोडे रंगीत. जाडजूड पुस्तकं, जी लोक कपाटात ठेवतात आणि वाचली म्हणून सांगतात. पुस्तकं दीपमाला आणायची. दीपमाला आणि मी वडीगोद्रीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर होतो. ती पुढं मराठीची बाई झाली, रिटायर होऊन इथंच आली. पहिल्या दिवशी कापडी पिशवीतून तीन पुस्तकं काढत म्हणाली, "तुमच्यात नवरा गेल्यावर वाचायला मिळतं का गं? आमच्यात तर तो असताना पन वाचावं लागतं, त्याला वाचता येत न्हाई म्हनून." तिचा वसंता एसटीत होता, पेपर बायकोकडून वाचून घ्यायचा, हे मला माहीत होतं, म्हणून हसले. नवरा जाऊन पंधरा दिवस झाले होते. हसू आलं तर काय करावं याचा रिवाज मला कुणी सांगितलेला नव्हता.

पुस्तकातली माणसं मला आधी पटेनात. मी व्यापाऱ्याची मुलगी, व्यापाऱ्याची सून. माणूस पानावर आला की त्याचं दुकान कुठं आहे ते मी आधी बघते. हे लोक पानंच्या पानं खिडकीत उभे राहतात, उसासे टाकतात, टेकडीवर जातात, आणि दुपारी ताट तयार असतं. मी दीपमालाला म्हटलं, यांच्या घरात धान्य कोन निवडतं, भांडी कोन घासतं, काहीच लिहिलेलं न्हाई. ती चहा पीत शांतपणे म्हणाली, "आमचे लोक. म्हनून तर लिहिलं न्हाई." आणि पुढचं पुस्तक पुढ्यात सरकवलं. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकात मागच्या दारानं शिरते. दिवाणखान्यात नायिका बोलत असते, मी परसात, भांड्यांच्या ढिगापाशी. तिथून पुस्तक वेगळं ऐकू येतं. काही पुस्तकं तिथंच पडली. काही मात्र तिथूनही उभी राहिली, आणि ती मी दोनदा वाचली. सिनेमाचंही तेच. नायिका रानात तीन गाणी म्हणते पण पाणी पीत नाही. नोकर ट्रे घेऊन येतो, त्याला नाव नसतं, पण मी बघते, एखादा नोकर ट्रे अशा काही ऐटीत ठेवतो की वाटावं, या माणसाला एक तरी वाक्य द्यायला पाहिजे होतं. मी बोलते त्यांच्याशी. हेडफोन लावल्यावर आपण मोठ्यानं बोलतो ते आपल्याला कळत नाही. ज्योत्स्नाबाईंना माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं होतं की सुगनबाई आलोचना, म्हणजे आपल्या चुकांची कबुली, म्हणताना रडतात.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट अशी की लग्नानंतर हे वर्ष येईपर्यंत मी सिनेमा पाहिला तो अर्धाच. एकही पूर्ण नाही. किशनलालजींना पिक्चरचा शौक होता, तसं कुणाला वाटलं नसतं. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन-तुरीची आडत, दिवसभर तोंडात भाव. पण मोंढा बंद असला की ते म्हणायचे, चला. टॉकीज मोंढ्यापासून जवळ होती; आता तिथं लग्नाचं कार्यालय आहे, पडदा होता तिथं नवरा-नवरी बसतात. तीनचा खेळ. सुटायचा सहाच्या पुढं, आणि आमच्यात सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, पाणी नाही. घरी सासू-सासरे, दीर, जाऊ, लेकरं. माझ्या पोळ्या झाल्याशिवाय पानं वाढली जात नसत. म्हणून मध्यंतराचे दिवे लागले की किशनलालजी धोतर झटकून उठायचे. "चला, सूर्य काय आपल्यासाठी थांबून राह्यलाय?" दर वेळी हेच वाक्य, आणि दर वेळी नवीन विनोद केल्यासारखं हसायचे. आम्ही माणसांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत बाहेर यायचो. लोक शेंगदाणे घेऊन आत जात असायचे आणि आम्ही दोघं उलट्या दिशेनं, जसं काही आमचं तिकीटच वेगळं होतं. बाहेर डोळ्यांवर ऊन यायचं. रिक्षात बसल्यावर ते भाव बोलायला लागायचे आणि मी पुढचा पिक्चर डोक्यात चालवायची. कणीक मळताना त्याला शेवट करायची. मी केलेले शेवट जाऊबाईंना आवडायचे. पुढं लेकरांना तेच सांगितले. या घरात दोन पिढ्या माझ्या शेवटांवर वाढल्या आणि कुणालाच पत्ता नव्हता. मुद्दाम नाही, तेवढाच माल हातात होता.

लग्नानंतरचा पहिला पिक्चर होता एका शिंपिणीचा. लहान गाव, नवरा गिरणीत काम शोधायला शहरात गेलेला. ती कपडे शिवते, वाट बघते, गाणी म्हणते. लोक बोलतात, सासरा मरतो, ती त्याचं सगळं करते. आणि एक दिवस ती भाकरी थापत असते, दारात नवरा उभा. त्याचं बोट धरून चार-पाच वर्षांची एक मुलगी. त्या मुलीचे डोळे हुबेहूब त्याचे. शिंपीण उठते. हाताला पीठ. ती दाराकडे बघते, नवरा तिच्याकडे बघतो, मुलगी चुलीवरच्या भाकरीकडे बघते. आणि दिवे. मध्यंतर. किशनलालजी उठले. मी अठरा-एकोणीस वर्षांची, नवी सून, त्यांचं धोतर धरून बसा म्हणायची माझी छाती नव्हती. पण ते पिठाचे हात माझ्याबरोबर आले. मी कुठंही पीठ मळत असले की ती बाई उठून उभी राहायची आणि तिच्या पुढ्यात ते दार.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, ते अंथरुणाला खिळलेले. श्वास उथळ. एका दुपारी खिडकीकडे बघत एकदम म्हणाले, "सुगन, त्या शिंपिनीचं पुढं काय झालं असंल गं?" मला वाटलं भ्रम झाला. मग कळलं, नाही, यांनाही ते दार होतं. इतकी वर्षं, तुरीचे भाव बोलत, यांच्याही डोळ्यासमोर तेच दार. मी सांगितलं, तिनं दोघांना आत घेतलं. पोरीला भाकरी दिली, त्याला पाणी दिलं. ते म्हणाले, "बराबर. घर म्हनल्यावर." आणि त्यांचा चेहरा सैल झाला. आठवड्यानं ते गेले. त्यांनी विचारलं म्हणून मला त्यांच्यावर माया आली, आणि इतक्या उशिरा विचारलं म्हणून राग आला. दोन्ही रकमा अजून पुस्तकात तशाच आहेत, एकीतून दुसरी वजा होत नाही. कोपऱ्यात बसल्यावर रुचिला म्हटलं, असा असा पिक्चर, नाव आठवत नाही, शिंपीण, दार. तिनं शोधून दिला. पहिला अर्धा मी बघितला आणि मध्यंतराची पाटी आली तेव्हा माझे पाय आपोआप उठायला लागले. गुडघे दुखले म्हणून बसून राहिले. मग दुसरा अर्धा बघितला.

तेव्हापासून वर्षभर मी माझं राहिलेलं येणं वसूल केलं. एकेक पिक्चर, काही तर थेट मध्यंतरापासून पुढं. आणि आता ज्योत्स्नाबाई म्हणत होत्या की हात जोडा.

हात जोडणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. घेतलेलं पचक्खाण मोडत नाहीत. मोडता येत नाही असं नाही, पण मी मोडणाऱ्यांतली नाही, आणि हे श्रेणिकला माहीत आहे. माझी आई एकदा शहागडला कुणा महाराजांच्या दर्शनाला गेली. सगळ्या बायका उठल्या, काही ना काही सोडायला लागल्या, आईनं आंबा सोडला. का, तर शेजारणीचे हात जुळले म्हणून हिचे जुळले. मग मरेपर्यंत दर उन्हाळ्यात आई आम्हाला आंबे कापून द्यायची, कोय आमच्यात वाटायची आणि हात धुवायला उठायची; ती बोट सुद्धा चाटत नसे. आम्ही खात असताना ती आमच्या तोंडाकडे बघायची. तिला कुणी साध्वी म्हणालं नाही. ती एक आंबा आवडणारी बाई होती आणि तिनं गर्दीत हात जोडले, एवढंच.

मी श्रेणिकला म्हटलं, मी पिक्चर बघते. त्याला खरं वाटलं नाही, मग वाटलं, मग त्यानं दार लोटून घेतलं. चिडला नाही, त्याचा स्वभाव हिशोबी आहे, माझ्यावरच गेलाय. म्हणाला, "माँ, वर्षभर पाह्यलं ना, आता बंद. कुनाला कळायचं कारन न्हाई. पुढच्या महिन्यात रुचिला बघायला लोक येऊन राह्यले, घरानं कडक आहे. तुम्ही नाव पुकारल्यावर बसून राहिल्या तर काय दिसंल? दोन हात तं जोडायचे." मी विचारलं, आणि मंग मरेपर्यंत काय करू? तो म्हणाला, "पुस्तकं आहेत की." पुस्तकांवर अजून कुणाची नजर गेली नव्हती, कारण ती ठवणीवर होती. रुचि दारामागं ऐकत होती. आत येऊन टॅब्लेट चार्जिंगला लावत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादी, माझ्या नावावर हात जोडू नका. पुढं मला त्याचं व्याज भरावं लागंल." या घरात तिसरी हिशोबी.

शनिवारी मटार सोलत बसले होते, आणि हातातली शेंग हातात राहिली. मला आठवलं, मी अठाई केलेली आहे. आठ दिवस, फक्त उकळलेल्या पाण्यावर. एकदा नाही, तीनदा. मिरवणूक निघाली, मला फुलांच्या गाडीत बसवलं, किशनलालजी रडले. ते आठ आठ दिवस घरात चूल पेटत होती, पोळ्या होत होत्या, जाऊबाई करत होत्या, सासूबाई वाढत होत्या, कुणी उपाशी राहिलं नाही. मग एका दुपारी, एकाच, मला म्हणता आलं असतं की आज मी जेवत नाही, मी बसते. आज पोळ्या जाऊबाईंना लाटू द्या. सूर्य जाऊ दे त्याच्या वाटेनं. त्यांनाही म्हणता आलं असतं. आठ दिवस उपाशी राहणारी बाई एक संध्याकाळ उपाशी राहू शकते, हा हिशोब इतक्या वर्षांत ना त्यांनी केला, ना मी. मोंढ्यातला आडत्या आणि वडीगोद्रीच्या दुकानदाराची पोरगी! मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मला भूक लागल्यासारखं झालं, पण ती अन्नाची नव्हती, आणि पोटातही नव्हती. गुडघ्यांत होती, जणू ते न उठण्यासाठी घट्ट होत होते.

रविवारी स्थानक भरलं होतं. कार्यक्रम तीनला होता, म्हणजे साडेतीनला सुरू झाला. दानवीरांचे सत्कार, हार, शाली, एकेकाचं भाषण. अश्विनातलं ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढत होतं आणि बायका त्याच्याकडे बघत होत्या; आमच्या समाजात घड्याळापेक्षा भिंतीवरचं ऊन जास्त बघतात. माझं नाव आलं तेव्हा ते नारिंगी झालेलं होतं. ज्योत्स्नाबाई माईकवर घाईघाईनं बोलल्या, मला शाल घातली आणि हळूच म्हणाल्या की पटकन पचक्खाण घेऊन टाका, लोकांना जेवायला जायचंय. महासतीजी पाटावरून माझ्याकडे बघत होत्या. वयानं श्रेणिकएवढ्या, डोळे स्वच्छ. माझ्या शेजारच्या दोन-तीन सुना सवयीनं हात जोडून उभ्या राहिल्या. मला आईचे हात दिसले, ओले, उन्हाळ्यातले. मी माझे हात शालीच्या आत घेतले.

"महासतीजी," मी म्हटलं, "आजच्या रातीचा चौविहार मला आत्ताच द्या. मी आज जेवत न्हाई, पानी पन पीत न्हाई. पन सिनेमाचा त्याग मी घेत न्हाई. वर्षभर मी तेच पाहून राह्यले, आनि ठवनीवर कादंबऱ्या होत्या. पुढं पन पाहीन."

माईक चालू होता. श्रेणिक पुरुषांच्या रांगेत मान खाली घालून बसला. त्याचे कान लाल झालेले मला इथून दिसले. रुचि बायकांत होती, तिनं मान खाली घातली नव्हती. महासतीजींनी माझ्या शालीकडे, आतल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ज्याचे हात जुळले नाहीत त्याला पचक्खाण लागत नाही. आणि मला रात्रीचा चौविहार दिला, तो मी हात जोडून घेतला. मांगलिक, शेवटचा मंगलपाठ, म्हणून त्या गोचरीला, भिक्षेला उठल्या. एवढंच झालं. छत पडलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर चपला शोधायची गर्दी होती. पुरुष माझ्या बाजूनं न बघता गेले. बायका मात्र गेल्या नाहीत, चपला सापडत नसल्यासारख्या वाकून घोटाळत राहिल्या. ज्योत्स्नाबाई समोर आल्या. त्यांच्या आवाजात राग होता, आणि त्यांना तो नीट धरता येत नव्हता. "सुगनबाई, मी तुमच्या पुस्तकाला डोकं टेकवलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पुस्तक चांगलं होतं, वाया न्हाई गेलं. "असं काय असतं हो त्या पिक्चरात, की समाजासमोर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी पायरीवर बसले, गुडघे सरळ केले. सांगते, म्हटलं. आणि शिंपीण सांगायला सुरुवात केली. गाव, गिरणी, वाट बघणं, सासऱ्याचं मरण. शिलाई मशीनचा आवाज तोंडानं काढून दाखवला, रुचि हसली. ऊन समोरच्या घराच्या गच्चीवर गेलं. दोघी-तिघी उठल्या, निघाल्या. मी गोष्ट दारापाशी आणली: पिठाचे हात, नवरा, त्याचं बोट धरलेली मुलगी, मुलीचे डोळे. आणि थांबले. मुद्दाम थांबले. मला बघायचं होतं.

ज्योत्स्नाबाईंनी गच्चीकडे बघितलं. ऊन कठड्याच्या वरच्या विटेवर होतं. घरी त्यांच्या सुनेनं ताटं घेतली असतील. त्यांचा एक पाय खालच्या पायरीवर होता, चपलेत.

"मंग?" त्या म्हणाल्या.

"मंग मध्यंतर," मी म्हटलं. "जेवायचं तं जा."

त्यांनी पाय चपलेतून काढला आणि माझ्या शेजारी बसल्या, थोड्या अंतरावर, रागावल्यासारख्या. बाकीच्याही बसल्या. वीट विझली. आता कुणालाच घाई नव्हती.

"तिनं हात धुतले न्हाईत," मी म्हटलं. "पिठाच्याच हातानं ती दाराशी गेली. पोरीचं बोट त्याच्या मुठीतनं सोडवलं. पोरीला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं, भाकरी दिली. मंग परत दाराशी आली. त्याच्याकडं पाह्यलं. आनि दार लावलं."

"आनि तो?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"तो भाईर."

मग मागच्या पायरीवरची कुणीतरी म्हणाली, कडी लावली का नुसतं लोटलं? मी म्हटलं, थांबा, अजून सगळा दुसरा अर्धा आहे.